काकांचे मोर, काकूंचं वाण

आदिलाबादला भाड्याची खोली शोधत फिरले तेव्हा घरमालकांची एक पद्धत मला पाठ झाली होती. ते आधी नाव विचारतात. नावाने भागत नाही, मग आडनाव विचारतात. आडनाव ऐकलं की त्यांना एकाएकी आठवतं, खोली तर परवाच साडूच्या मुलाला देऊन टाकली. या गावातल्या माणसांना इतके साडू असतात हे मला तोवर ठाऊक नव्हतं. त्यामुळे त्या शेवटच्या घराचं फाटक उघडलं तेव्हा मी आडनाव जिभेवर तयारच ठेवलं होतं. नाही म्हणायचं तर लवकर म्हणा, मला शाळेला जायला जैनथची ऑटो गाठायची होती.

व्हरांड्यात एक गृहस्थ कसल्याशा मशीनपाशी तिरके बसले होते. डोळ्यांवर चष्मा, चष्म्यावर भुसा, तोंडाला फडकं. माझ्याकडे पाहून त्यांनी फडकं खाली ओढलं आणि विचारलं, "हात थरथरते का तुमचा?"

"काऊन?" मी म्हणाले.

"इकडं या. बसा. ह्या रेघेवरून चालवा."

नोकरी पक्की आहे, झेडपीच्या मराठी शाळेत शिकवते, रात्री-बेरात्री कोणी येत-जात नाही, असं बरंच काही मी बोलायला आले होते. ते सगळं राहिलं आणि माझ्या हातात एक फळी आली. फळीवर पेन्सिलीची नागमोडी रेघ. मशीन सुरू झाली, फळी खडखड उडायला लागली, मी घाबरून पुढे रेटली आणि मधलं बारीक पातं टण्णकन तुटलं. झालं, म्हटलं, आज साडूचीसुद्धा गरज पडणार नाही.

"तुटू द्या," ते म्हणाले. "पातं तोडल्याबिगर कोनी शिकत नाई. खोली वर हाय. पानी सकाळी येते."

दारातून त्यांच्या बायकोने, म्हणजे काकूंनी, तेवढंच विचारलं, "मटन करता का?"

"करते," मीही जरा ताठच म्हणाले.

"मंग शिजलं का वाटीभर खाली देत जा. यायले आवडते, मी करत नाई."

अशी मी त्या घरात राहायला गेले. आता उटनूरला बदली झाली आहे, क्वार्टर मिळालं आहे, पण कोणी घरमालक म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढे तोंडाला फडकं बांधलेले तेच गृहस्थ येतात.

कॉलनीत त्यांना मिशनवाले काका म्हणत. मशीनचं खरं नाव स्क्रोल सॉ. तिची ठेवण शिलाई मशीनसारखी. वर एक हात, खाली एक हात, मध्ये सपाट टेबल, आणि सुईच्या जागी दातेरी, दोऱ्याएवढं पातं. ते जागच्या जागी वर-खाली होतं. कापड फिरवावं तशी फळी दोन्ही हातांनी फिरवायची. काका मंडल ऑफिसातून सिनियर असिस्टंट म्हणून रिटायर झाले आणि त्याच महिन्यात हैदराबादेहून ही मशीन घेऊन आले. बसमध्ये मांडीवर घेऊन आणली, असं काकू सांगायच्या. काका म्हणायचे की हे साफ खोटं आहे, ती शेजारच्या सीटवर होती आणि तिचं वेगळं तिकीट काढलं होतं.

ते तिरके का बसतात याचा उलगडा मला महिनाभराने झाला. कारखान्यातून येणाऱ्या पात्याच्या एका कडेला किंचित खरड राहून जाते, त्यामुळे ते सरळ कापत नाही, उजवीकडे ओढतं. म्हणून लाकूड जरा कोनात पुढे न्यावं लागतं, आणि स्टूलही तसंच वळवून ठेवलं की बरं पडतं. काकांना पुढे त्याची सवयच जडली. जेवायला तिरके, टीव्हीसमोर तिरके, लग्नाच्या मांडवात तिरके. नव्या माणसाला वाटायचं, यांचं आपल्याशी काहीतरी बिनसलं आहे. माझे बाबा एकदा मला भेटायला आले, चहा पिऊन गेले, आणि बसस्टँडवर हळूच म्हणाले, "मानूस चांगला दिसते, पन मान फिरवून काऊन बसते?"

लाकडाशी ते बोलत. त्यातही शिस्त होती. सागवान आपल्या भागातलं, त्याच्याशी मराठीत. निर्मलची खेळणी करतात ते पांढरं, हलकं पोनिकीचं लाकूड, त्याच्याशी तेलुगूत. "मेल्लगा अम्मा, मेल्लगा," म्हणजे हळू बाई हळू, असं ते त्याला नाजूक वळणावर म्हणायचे. आणि प्लायशी हिंदीत, कारण प्लाय बाहेरून आलेलं, त्याचं गावगोत माहीत नाही. प्लाय चरचरलं की ते दरडावायचे, "सीधा चल, सीधा." मी एकदा विचारलं, सागाला तेलुगू कळत नाही का? ते गंभीरपणे म्हणाले, "कळते, पन वळत नाई."

पातं बसवलं की ताणावं लागतं. सैल राहिलं तर वळणावर भरकटतं, फार ताणलं तर तुटतं. याचं माप काका कानाने घेत. बोटाने पातं छेडायचं, ते तारेसारखं वाजायचं, आणि ठरलेला सूर लागला की खिट्टी लावायची. हा सूर त्यांनी पेटीवरून घेतला नव्हता. काकू स्वयंपाकघरातून "आयकलं का" अशी हाक मारायच्या, त्यातल्या शेवटच्या अक्षरावर त्यांचा आवाज जिथे चढायचा, तो हा सूर. काकूंना सर्दी झाली की काम बंद. "आज नाई जुळनार," मला जिन्यात सांगायचे, "तिचा घसा बसून राह्यला."

ऑफिस सुटलं तरी ऑफिसची बोली सुटली नव्हती. नवीन पातं उमेदवार, बोथट झालेलं वजीफ्यावर, म्हणजे पेन्शनीत, तुटलेलं बरखास्त. नक्षीचा कागद फळीवर चिकटवण्याआधी ते त्याच्याकडे बराच वेळ बघत आणि मंजूर किंवा नामंजूर असा फैसला देत. कागदावरून पारदर्शक चिकटपट्टी लावायची, म्हणजे पातं गरम होऊन लाकूड करपत नाही, ही युक्ती त्यांना सापडल्यापासून घरातल्या सगळ्या वस्तूंवर चिकटपट्टी चढली. गॅसचं पुस्तक, रिमोट, पंचांग, काकूंच्या गुडघ्याच्या गोळ्यांचं पाकीट. गोळी काढायला कात्री लागायची.

हे सगळं ते शिकले मोबाईलवर. कुठल्यातरी परदेशातला एक म्हातारा असल्याच मशीनवर काम करतो, त्याचे व्हिडिओ. त्याच्या बोलण्यातलं यांना ओ की ठो कळत नसे. ते आवाज बंद करून फक्त हात बघायचे आणि व्हिडिओ संपला की हात जोडायचे.

त्यांचं एक वाक्य होतं, "आधी आतलं, मंग बाहेरचं." जाळीच्या कामात आतली प्रत्येक खिडकी वेगळी कापावी लागते. तिथे ड्रिलने भोक पाडायचं, पात्याचं वरचं टोक सोडवून भोकातून ओवायचं, पुन्हा आवळायचं, कापायचं, पुन्हा सोडवायचं. एका मोराच्या पिसाऱ्यात असा अर्धा दिवस जातो. बाहेरचा आकार सगळ्यात शेवटी, कारण तो आधी कापला तर हातात धरायला फळीच उरत नाही. आता हे लाकडाला ठीक आहे, पण काका ते सगळीकडे लावायचे. माझं हेडमास्तरांशी वाजलं आणि मी वरच्या ऑफिसात अर्ज लिहायला बसले, तर म्हणाले, "आतलं कापून झालं का? मंग बाहेरचं काऊन काढता?" मी चिडून अर्ज तसाच ठेवला. पण मनातलं सगळं काकूंपाशी बोलून झाल्यावर अर्जात लिहायला फारसं काही उरलं नव्हतं, हेही सांगून टाकते.

आणि दुसरी गोष्ट, दोन सारख्या वस्तू त्यांनी कधी केल्या नाहीत. एक मोर झाला की त्याचा कागद फाडून टाकायचा, दुसऱ्यासाठी नवीन काढायचा. "मानसाचे हात असून छापा काऊन काढाचा?" असं त्यांचं म्हणणं. त्यांच्या गुरूंचे एकदम चार-चार वस्तू कापायचेही व्हिडिओ होते. ते लागले की काका मान वळवायचे, म्हणजे आधीच वळलेली होती ती आणखी.

व्हरांड्यात त्यांच्या समोरच काकूंची शिलाई मशीन होती. कॉलनीतल्या निम्म्या बायांचे ब्लाऊज काकूंच्या हातचे. तिकडे दोरा, इकडे भुसा. भुसा उडून कोणाच्या तरी पिवळ्या ब्लाऊजवर बसला की काकू मशीन थांबवायच्या, तो ब्लाऊज दोन बोटांनी उचलून झटकायच्या आणि पुन्हा सुरू करायच्या.  काकांनी त्यांच्यासाठी कोपऱ्यातली फळी केली, किल्ल्यांची पाटी केली, दिव्याला जाळीची टोपी केली. प्रत्येक वस्तू पदराने पुसून काकू एकच म्हणायच्या, "ठीक हाय." आणि तिच्यावर मापाची पट्टी टांगायच्या. ब्लाऊज टाकायला आलेली एखादी बाई त्या जाळीकडे बघून काही विचारू लागली की काकू म्हणायच्या, "बाही किती ठेवू?"

काकांची एक इच्छा होती आणि ती त्यांनी मला लपवून सांगितली नाही. "मास्तरीनबाई, मले शाल नोको, सत्कार नोको," ते एकदा म्हणाले. "बायांसमोर तिनं एकडाव म्हनावं, हे आमच्या घरच्यांनी केलं. बस." साठी उलटलेल्या माणसाने इतकी छोटी गोष्ट मागावी आणि ती मिळू नये, याचं मला खरंच वाईट वाटायचं.

ती मिळवायचा रस्ता त्यांनी संक्रांतीतून काढला. संक्रांतीला काकूंचं हळदीकुंकू मोठं असायचं. मराठी बाया तर यायच्याच, तेलुगू शेजारणीही यायच्या, कारण त्यांच्यातही या दिवसांत नोमूच्या, म्हणजे व्रताच्या, वस्तू वाटतात, त्यामुळे वाण हा प्रकार कोणाला समजावून सांगावा लागत नाही. आमच्या बौद्ध घरांत हे नसतं. काकूंनी पहिल्याच वर्षी मला सरळ विचारलं होतं, "तुमच्यात चालते का?" मी म्हटलं, कुंकू लावत नाही, पण लाडू खाते. "मंग लाडू वाटाले बस," त्या म्हणाल्या, आणि तेव्हापासून तिळाच्या लाडवांचं ताट माझ्याकडे. त्यामुळे पुढचं सगळं मी अगदी जवळून पाहिलं आहे.

काकू वाण म्हणून चहाची गाळणी, स्टीलची वाटी, असलं काही वाटायच्या. त्या वर्षी काकांनी हट्ट धरला, औंदा वाण मी करून देतो. काकू आठवडाभर नाही म्हणाल्या. मग एक दिवस सुईत दोरा ओवता ओवता म्हणाल्या, "करा. पन सगळ्यायले सारखं पायजे." काकांनी मान हलवली.

त्यांनी मोर करायचे ठरवले, पोनिकीचे, तळहाताएवढे. पहिला मोर झाला, साधा, नीटस. दुसरा करताना त्यांना मान थोडी लांब हवीशी वाटली. तिसऱ्याला पिसाऱ्यात एक खिडकी वाढली. मी वरून ये-जा करताना बघत होते. दिवसागणिक मोर देखणे होत चालले होते. शेवटच्याची पिसं तर इतकी बारीक कोरली होती की पलीकडचं दिसावं. मी म्हटलं, "काका, सारखे करा असं काकू म्हनाल्या होत्या." ते म्हणाले, "सगळे मोरच हायेत नं?" आणि एकेक मोर कागदात गुंडाळून त्यांनी टोपलीत रचून ठेवले, काकूंना उघडून बघता येऊ नये असे.

संध्याकाळी बाया जमल्या. हळदीकुंकू झालं, मी लाडू दिले, काकूंनी टोपलीतून एकेक पुडी दिली. बायांनी तिथेच पुड्या सोडल्या. पहिल्यांदा सगळ्या खूश झाल्या. मग एकीने शेजारणीच्या मांडीवर नजर टाकली, आणि मग सगळ्यांनीच टाकली.

"मायाच मोर काऊन बोडका?" समोरच्या घरातली वहिनी म्हणाली. ती काकूंची सगळ्यात जिवाभावाची मैत्रीण, आणि तिच्या हाती नेमका तो पहिला, साधा मोर आला होता. आणि जिच्याशी नळावरून काकूंचं भांडण झालं होतं, उपचार म्हणून बोलावलं होतं, तिच्या हातात ती आरपार पिसं. ती बाई मोर दिव्यासमोर धरून सगळ्यांना दाखवत होती. कोणाला किती मान आहे ते काकूंनी मोजून वाटलं, असाच सगळ्यांचा समज झाला. काकूंचा चेहरा उतरला. वहिनी लाडू खाऊन गेली आणि मोर सोफ्यावर तसाच ठेवून गेली.

काका आत स्वयंपाकघरात कान देऊन उभे होते. त्यांना खरंच कळत नव्हतं. "प्रत्येकीले येगळा देल्ला, म्हंजे प्रत्येकीचा मानच केला नं?" ते मला म्हणाले. वाटायची वस्तू ही वस्तू नसते, माप असते, हे त्यांना कोणी सांगावं? पुढचा आठवडाभर बाया एकेकट्या येऊन मोर बदलून मागत होत्या. काकू "आयकलं का" अशी हाकसुद्धा मारत नव्हत्या, ताट वाढून ताटाकडे बोट दाखवायच्या.

पुढच्या संक्रांतीला प्लास्टिकच्या डब्या आल्या. त्या बाजारातून पोतंभर उचलून आणल्या त्या काकांनीच, मुकाट्याने. मी फाटक उघडून धरलं तर म्हणाले, "सारख्या हायेत. पाहून घेतल्या."

त्यानंतरच्या हिवाळ्यात काकूंचे गुडघे फारच धरले. डॉक्टरने उकिडवं बसायला मनाई केली. आता आमच्या त्या गल्लीत संक्रांतीच्या आधीचा महिना म्हणजे रांगोळीची स्पर्धाच. तेलुगू घरांसमोर पहाटे एवढे मोठे मुग्गू पडायचे की सायकल कुठून न्यावी कळायचं नाही. काकूंच्या दारात मात्र दोन रेघा. हे काकांना बघवेना. त्यांनी पातळ प्लायमध्ये फुलांची जाळी कापली, ताटाएवढी, आणि मधोमध उभा दांडा बसवला. रांगोळीच्या चाळणीलाही दांडा. उभ्यानेच जाळी टेकवायची, वरून चाळायचं, जाळी सरळ उचलायची. काकूंनी ती दारात टेकवून पाहिली, आणि त्या दिवसापासून रोज वापरू लागल्या. "ठीक हाय" एवढंही म्हणाल्या नाहीत.

शेजारच्या तेलुगू अक्कांनी दोन दिवस बघितलं आणि तिसऱ्या दिवशी कुंपणावरून विचारलं, "अक्का, ये किदर से लाए?"

"ऐसेच लाए," काकू म्हणाल्या आणि आत गेल्या.

काका व्हरांड्यात मशीनवर होते. त्यांनी मशीन बंद केली. मी ऑटोसाठी निघाले होते, मला म्हणाले, "ऐसेच लाए म्हने." त्या दिवशी पुन्हा मशीन चालली नाही.

मला राहवलं नाही. संध्याकाळी काकू एकेक पायरी धरत वर वाटी परत द्यायला आल्या तेव्हा मी विचारलंच, "काकू, यायचं नाव सांगितलं असतं तं काय बिघडत होतं?"

काकू कॉटवर बसल्या. "सांगितलं असतं तं सगळ्यायनं मागितलं असतं," त्या म्हणाल्या. "आन् यायनं पुन्हा प्रत्येकीले येगळं करून देल्लं असतं. ती वहिनी आत्ता कुठं बोलाले लागली मायाशी. काम चांगलं हाय, मले दिसत नाई का? पन बायाईत मायं तोंड खाली जाते नं बाई."

हे मी खाली जाऊन काकांना जसंच्या तसं सांगितलं. काम चांगलं आहे असं काकू म्हणाल्या, हे त्यांनी दोनदा सांगायला लावलं. मग म्हणाले, "सारखे करून देतो. सगळ्यायले. औंदाच."

बोलायला सोपं होतं. एका जाळीवरून दुसरी करायला बसले की त्यांचा हात कुठल्यातरी पाकळीवर आपोआप वळायचा. तीन जाळ्या केल्या, तिन्ही वेगळ्या. चौथी अर्ध्यात टाकून ते स्टुलावर नुसते बसून राहिले. समोर काकू ब्लाऊज बेतत होत्या.

"मी बाही कशी कापते पाहता का कधी?" काकू कात्री न थांबवता म्हणाल्या. "कापडाची घडी घालते आन् दोन्ही बाह्या एकदम कापते. येगयेगळ्या कापल्या तं एक लांब, एक आखूड. घालीन का कोनी? फळ्या एकावर एक ठेवा न."

गुरूंच्या ज्या व्हिडिओंकडे काकांनी इतकी वर्षं मान फिरवली, त्यात हेच होतं. त्यांनी अर्धवट जाळी बाजूला ठेवली. पातळ प्लायचे चार तुकडे एकावर एक ठेवले, मध्ये दोन्हीकडून चिकटणारी पट्टी लावली, थर जाड झाला म्हणून पाच नंबरचं पातं चढवलं. नक्षी काकूंनी काढली. पैनगंगेकाठच्या माहेरी त्यांची आई दारात काढायची ते कमळ, आधी ठिपके, मग पाकळ्या. काकांनी कागद हातात घेतला, तिरकं बसून बघितला आणि म्हणाले, "मंजूर."

मग दोन्ही मशीनी समोरासमोर चालत राहिल्या. मी रविवारची पायरीवर बसून पॉलिशपेपरने कडा घासून द्यायची. तीन भाषा येणारे काका त्या दिवसांत प्लायशी हिंदीतसुद्धा बोलले नाहीत. एकदाच त्यांनी कानामागची पेन्सिल काढली आणि एका पाकळीच्या टोकाशी नेली. काकूंनी मान वर केली नाही. नुसतं म्हणाल्या, "बाह्या." पेन्सिल परत कानामागे गेली.

संक्रांतीच्या संध्याकाळी बायांनी त्या बिनदांड्याच्या जाळ्या हातात घेतल्या आणि मला वाटलंच होतं तसं आधी एकमेकींच्या जाळ्यांवर ठेवून पाहिल्या. भोकाला भोक जुळलं. वहिनीने दोनदा उलटून पाहिलं आणि मग तिचे खांदे सैल झाले. कुठून आणल्या, कोणी केल्या, असा गलका झाला. काकांनी स्वयंपाकघराच्या दारामागे चहाचा ट्रे धरला होता, कप किणकिणत होते. काकू म्हणाल्या, "आधी सकाळी टाकून पाहा. मंग सांगते." कप किणकिणायचे थांबले. मला काकूंचा तेव्हा असा राग आला की लाडवांचं ताट मी जरा आपटूनच खाली ठेवलं.

दुसऱ्या दिवशी कनुमा, तेलुगू घरांतला संक्रांतीनंतरचा सण. उजाडताच काका गल्लीत गेले आणि लगेच परत आले. "काकूले सांगा, बाहेर ये म्हना," मला जिन्यातून ओरडले आणि पुन्हा गेले. मी शाल गुंडाळून बाहेर आले. गल्लीभर दारोदार एकच कमळ पडलं होतं, काकूंच्या आईचं. आणि तरी कुठलीही दोन एकसारखी दिसत नव्हती. एकीने रांगोळी दाट टाकली होती, एकीने हळद मिसळली होती, एकीने जाळी चार वेळा टेकवून मोठं चक्र केलं होतं, एकीचा हात उचलताना हलला होता आणि पाकळ्या वाऱ्यावर गेल्यासारख्या झाल्या होत्या. काका या दारातून त्या दारात, लहान पोरासारखे. "हे पाहा, हे पाहा," मला म्हणत होते. "छापा एक, पन बायाईनं कसं कसं केलं पाहा."

काकू काठी घेऊन सावकाश आल्या. गल्लीच्या तोंडाशी उभ्या राहून त्यांनी एकेक दार पाहिलं. माहेरचं कमळ असं तेलुगू दारांपुढे पडलेलं पाहून त्यांनी पदर डोळ्यांना लावला. शेजारच्या अक्का फाटकातून म्हणाल्या, "चाला बागुंदि, अक्का. फार सुंदर. अब तो बोलो, किदर से लाए?"

काका वहिनीच्या दारासमोर वाकले होते. तिच्या कमळातून कोंबडी चालून गेली होती, त्या पायांचे ठसे ते बोटाने बुजवत होते.

काकूंनी काठीने तिकडे दाखवलं. "हमारे घरवाले बनाए," त्या अक्कांना म्हणाल्या. "अपने हाथ से." मग वहिनीकडे वळून तेच मराठीत म्हणाल्या, कोणाचा गैरसमज राहायला नको म्हणून. "आमच्या घरच्यांनी केलं हे. सगळं. त्या मागच्या मोरासकट."

काकांनी मान वर केली नाही. बराच वेळ ते कोंबडीचा एकच पाय बुजवत राहिले. मग तसेच वाकलेले म्हणाले, "तिकडच्या घरी आयकू गेलं नसन."

"काऊन नाई जानार?" काकू म्हणाल्या, आणि काठी टेकून त्यांनी ते पुन्हा सांगितलं, या वेळी गल्लीच्या त्या टोकापर्यंत ऐकू जाईल असं.